निरोपाचं ‘येऊ का’

सिन्नर
८ नोव्हेंबर २००३

चि. दीपमाला हिस,
वाल्मीकदादाचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्या तशाच ठेवून पुढे वाच. फोन केला असता, पण तुझा नंबर आपल्या अख्ख्या गोतावळ्यात कोणाकडे नाही. तुझा बऱ्हाणपूरचा पत्ता गेल्या जानेवारीत मिळवताना आईला तुझ्या मैत्रिणीच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

कामाचं सांगतो. सतरा जानेवारीला मामांना जाऊन वर्ष होईल. गंगापूर रोडला एक हॉल घेतलाय. सिन्नर, अंबड, सातपूरच्या कंपन्यांमधली माणसं येणार आहेत, फौजेतली जुनी मंडळी देवळालीहून येणार आहेत. त्या दिवशी मामांच्या आठवणींचं छोटंसं पुस्तक काढायचं ठरलंय. संपादक अस्मादिक. हसू नकोस.

आठवणींचा ढीग पडलाय माझ्यापुढे. मखमलाबादच्या मळ्यात कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारा सावळीराम तोफखान्यात अधिकारी होतो, एकाहत्तरची लढाई लढतो, मग फौज त्याला भरतीसाठी आलेल्या पोरांची मनं तपासायला बसवते आणि निवृत्तीनंतर मेजर विधाते कारखान्यांत तेच काम करतात. ‘औद्योगिक मानसतज्ज्ञ’ हा शब्द वसाहतीत कोणाच्या जिभेवर बसला नाही. सगळे ‘मनाचे मेजर’च म्हणायचे. मशीनवर कोणाला घ्यावं, कोणाला सुपरवायझर करावं, संपावर बसलेल्यांच्या पोटात नेमकं काय दुखतंय, सगळं कंपन्या मामांना विचारायच्या.

भट्टीवरच्या सहादूची आठवण तर मीच लिहून घेतली. मॅनेजरचं डोकं फोडायला निघाला होता गडी. मामांनी समोर बसवून एकच विचारलं, ‘‘आज डब्यात काय आणलंय?’’ आणि मग गप्प. सहादू सांगतो, ‘‘म्या तासभर बोललो. रडलो बी. साहेबांनी मधी एक शबुद टाकला नाय. आसं ऐकून घेनारा मानूस लय दुर्मिळ हाय बघा.’’ आणि मिशांचं तर सगळेच लिहितात. झुपकेदार मिशांचा कोणी आला की मामा आधी त्याला न्हाव्याकडे पिटाळायचे. फौजी शिस्त म्हणून लोक गुमान ओठ मोकळे करून यायचे.

शेवटचं पान तुझ्यासाठी ठेवलंय. एकुलती एक लेक आहेस. मामांना टेम्पोने मागून उडवलं तेव्हा तार केली होती, तू आली नाहीस. ते मी काढत नाही. निदान दोन पानं लिही.

तुझा
वाल्मीकदादा

*

बऱ्हाणपूर
२० नोव्हेंबर २००३

ती. वाल्मीकदादास,
सा. न.

पत्र पोचलं. आत्याला माझा नमस्कार सांग.

मी लिहिणार नाही. खोटं लिहिता येणार नाही आणि खरं तुम्ही छापणार नाही. हॉलमध्ये बसलेला प्रत्येक माणूस सांगणार की मेजरसाहेबांनी माझं ऐकून घेतलं. सांगू दे. त्यांना तसा अनुभव आला असेल. माझं मात्र त्यांनी ऐकलं नाही. आयुष्यात मी त्यांच्याकडे एकदाच काही मागितलं होतं, तेव्हा त्यांनी गोड बोलून मला दाराबाहेर ठेवलं. समोर बसलेल्या कामगाराच्या पापणीवरून ज्यांना त्याच्या घरचं कळायचं, त्यांना माझं कळलं नसेल यावर माझा विश्वास नाही.

माझं इथे बरं चाललंय. शाळेत शिकवते, एकटी राहते. जळगावचं सासर सोडलं ते माझं मीच, त्यात कोणाचा हात नव्हता. शेवटचं पान सहादूला द्या.

दीपमाला

*

सिन्नर
२ डिसेंबर २००३

दीपमाला,

तुझं पत्र वाचून दोन दिवस माझं डोकं ताळ्यावर नव्हतं. रागाच्या भरात लिहू नये म्हणतात, तरी लिहितोय.

मामांवर राग असेल तुझा. असू दे, बापलेकीत मी कोण पडणार? पण ‘माझं ऐकलं नाही’ हा टोमणा तू मारायला नको होतास. मेलेल्या माणसाच्या व्यंगावर बोट ठेवायचं म्हणजे हद्द झाली, दीपा. बहिऱ्या माणसाला ‘ऐकलं नाही’ म्हणतेस? तेही त्याची मुलगी असून?

तुला वेगळं सांगायला नको, पण लिहितोच, म्हणजे तुझी तुलाच लाज वाटेल. एकाहत्तरला तोफांनी त्यांचा डावा कान नेला. उजवा हळूहळू गेला. फौजेने म्हणूनच त्यांना तोफेवरून काढून परीक्षा घ्यायच्या कामावर बसवलं. कानात यंत्र घालायला ते तयार नव्हते. म्हणायचे, ‘‘वाल्मीक, माणसं माझ्याकडे बोलायला येतात. मला ऐकू येत नाही असं कळलं तर कशाला बोलतील?’’ मामी होत्या तोवर त्याच त्यांचे कान होत्या. प्रत्येकाचं वाक्य मामांकडे तोंड करून पुन्हा म्हणायच्या. मामी गेल्यावर ती खुर्ची मला मिळाली. कामगार बोलायचा, मी मामांच्या बाजूला बसून कागदावर उतरवत जायचो. लोकांना वाटायचं, रिपोर्ट लिहितोय. उजेड तोंडावर पडावा म्हणून माणसाला खिडकीसमोर बसवायचं आणि ओठ दिसावेत म्हणून मिशा कापून आणायच्या. फौजी शिस्त कसली डोंबलाची!

टेम्पोवाला पोलिसांना सांगत होता, ‘‘मी केवढ्यांदा हॉर्न देत होतो.’’ देत असेल बिचारा.

यातलं काही पुस्तकात जाणार नाही. हे घरातल्या घरात. आणि दाराबाहेर कोणी कोणाला ठेवलं याबद्दल म्हणशील, तर वाट बघायला लावणाऱ्याने त्यावर न बोललेलं बरं.

वाल्मीक

*

बऱ्हाणपूर
११ डिसेंबर २००३

ती. दादा,

मला माहीत नव्हतं.

तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगते, मला माहीत नव्हतं. मी लहानपणापासून हॉस्टेलला. सुट्टीत घरी आले की आई प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची, मी तिला पोपट म्हणायचे. ती हसायची. बाबाही हसायचे. ते का हसायचे ते मला आज कळतंय. दोघांनी मिळून माझ्यापासूनसुद्धा लपवलं. मला वाटायचं, बाबा विचारात असतात, म्हणून हाकेला ओ देत नाहीत. माझं पत्र परत वाचलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आता तुला सगळं सांगते. आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

अठ्ठ्याण्णवचा दसरा होऊन गेला होता. मला सातवा महिना चालू होता. जळगावला माझे काय हाल होते ते लिहीत बसत नाही, हात उगारायला त्या घरात कारण लागत नसे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, माहेरी जा, नाहीतर हे मूल राहणार नाही. भाजी आणायच्या निमित्ताने निघाले आणि एसटीडी बूथवरून बाबांना फोन लावला. बूथवाला सासऱ्यांच्या ओळखीचा, म्हणून तोंडावर पदर धरून हळू आवाजात बोलत होते. सगळं सांगितलं. मारतात ते, डॉक्टरीण काय म्हणाली ते, रात्री झोप लागत नाही ते. पलीकडून बाबा मधूनमधून ‘हं’ म्हणत होते. मला धीर येत गेला. वाटलं, ऐकतायत. शेवटी न राहवून मोठ्याने विचारलं, ‘‘बाबा, येऊ का?’’

ते म्हणाले, ‘‘हो हो, ये. ये हं बाळा. जपून.’’ आणि फोन ठेवला.

आपल्या घरची रीत तुला माहीत आहे. बाबा सीमेवर असायचे तेव्हापासून आईने घालून दिलेली. ‘जातो’ म्हणायचं नाही, फोनवर ‘ठेवतो’ही म्हणायचं नाही. ‘येऊ का’ म्हणायचं, समोरच्याने ‘ये हं, जपून’ म्हणायचं आणि मग फोन खाली. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलेलं. बाबांनी मला तोच निरोप दिला. मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. मला वाटलं, सगळं ऐकलं, सगळं समजलं आणि माझ्याच शब्दांत मला वाटेला लावलं. कोणालाही न दुखवता नाही कसं म्हणायचं, हा त्यांचा धंदाच होता. परत फोन लावायचा माझ्यात जीव राहिला नाही. भाजी घेऊन घरी गेले.

पुढे दिवाळी सरली आणि मूल गेलं. मुलगी होती.

त्यानंतर बाबा जळगावला येऊन गेले. पुढच्या खोलीत सासूबाईंसमोर बसले होते. सासरचे मला बाहेर येऊ देत नव्हते. मी आतल्या दाराआडून ओरडले, ‘‘बाबा, मला घेऊन चला.’’ पुन्हा ओरडले. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. ती हलली नाही. चहा संपवून ते उठले आणि गेले. त्या दिवशी माझ्यापुरते ते मेले.

आता तू सांगतोस, त्यांना ऐकू येत नव्हतं. दादा, मी या शब्दांना धरून बसले आहे. एवढंच लिहून पाठव की त्या दिवशी फोनवर त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मी जे बोलले ते नुसतं हवेत गेलं आणि ‘ये’ हा शब्द त्यांनी सवयीने टाकला. म्हणजे मला त्यांच्यासाठी रडता येईल. पाच वर्षांत एकदाही रडलेले नाही.

वाट बघायला कोणी लावली, ते मला समजलं नाही.

तुझी
दीपा

*

बऱ्हाणपूर
२९ डिसेंबर २००३

ती. दादा,

माझं पत्र पोचलं का? रोज शाळेतून आले की आधी दाराखाली बघते. रागावला असशील तर रागाचंच लिही, पण लिही.

दीपा

*

सिन्नर
६ जानेवारी २००४

चि. दीपा,

पत्र पोचलं होतं. लिहायला बसायचो आणि उठायचो. शेवटी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती पदर तोंडात धरून बसली. मग म्हणाली, ‘‘लिवून टाक, नाय ऐकू आलं म्हनून. पोरीला झोप तरी लागंल.’’

मी लिहिणारही होतो, कागद पुढे घेतला होता. पण तसं लिहिलं तर मामांनी म्हटलेलं ‘ये’ वाया जाईल. ते मला जमेना. तुला आधीच काय कमी आहे, आणि त्यात मी हे घालतोय. मला माफ कर.

त्यांना ऐकू आलं होतं, दीपा.

सगळं नाही. तू हळू बोलत होतीस ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. ‘हं’ म्हणत होते ते चोरी पकडली जाऊ नये म्हणून. फोनवर कायम तसंच करायचे, मोजकं बोलून लवकर खाली ठेवायचे. पण शेवटचं तू मोठ्याने विचारलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात शिरलो तर मामा उभेच होते. म्हणाले, ‘‘वाल्मीक, दीपा येतेय.’’ मी विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणाले, ‘‘फोन आला होता तिचा. बाकी काही समजलं नाही, पण शेवटी ‘येऊ का’ म्हणाली.’’ मी हसलो. म्हटलं, ‘‘मामा, ते तर आपल्याकडे फोन ठेवताना म्हणतात.’’ त्यावर त्यांनी मान हलवली. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. ‘‘निरोपाचं ‘येऊ का’ खाली उतरतं. हे वर गेलं. पोरगी विचारत होती. काहीतरी बिनसलंय तिचं. मी ये म्हणालो. दोनदा म्हणालो.’’

घराच्या मागच्या खोलीतल्या सगळ्या फायली त्यांनी माझ्याकडून हलवून घेतल्या. चुना मारून घेतला. अशा दिवसांत उंच पलंग नको म्हणून बुटका पलंग आणला. जळगावकडून गाडी यायच्या वेळेला नाशिकरोडला जायचे. कितीदा तरी मी सोबत होतो. स्पीकरवर काय सांगतायत ते कळायचं नाही, म्हणून बायकांच्या डब्यापाशी उभे राहायचे आणि डबा रिकामा होईपर्यंत हलायचे नाहीत. दिवाळीपर्यंत असं चाललं.

मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, मी जातो जळगावला, घेऊन येतो. निदान पत्र टाका. नाही म्हणाले. त्यांचा तो नियम होता ना, कारखान्यात मीच शंभर जणांना अभिमानाने सांगितलेला: एकदा विचारायचं आणि मग गप्प बसायचं. ‘‘मी ये म्हटलंय. दुसऱ्यांदा ओढलं की माणूस आपल्या मनाने येत नाही, आपलं मन राखायला येतो. तिचं पाऊल तिला उचलू दे.’’ सहादूला बरा लागू पडला तो नियम. त्या नियमाचा मला आता इतका संताप येतो की तो छापलेली पानं फाडून टाकावीत असं वाटतं.

मला वाटत होतं, तू येते म्हणून सांगून आली नाहीस. तो राग मी तुझ्यावर धरला. मागच्या पत्रात लिहिलं ते त्याच रागाने.

जळगावहून परत आले त्या दिवशी बूटही न काढता बसून राहिले होते. मी पाणी दिलं. म्हणाले, ‘‘वाल्मीक, पोरगी एक शब्द बोलली नाही माझ्याशी. आतून बाहेरसुद्धा आली नाही.’’ पाणी पिऊन म्हणाले, ‘‘तिचा राग खरा आहे. कशाचा ते मला कळत नाही. एवढ्या लोकांचं कळलं.’’ त्यानंतर त्यांनी काम कमी करत आणलं. माणसं यायची, खिडकीसमोर बसायची, बोलायची. मी लिहून कागद पुढे सरकवायचो. मामा कागदाकडे बघायचेच नाहीत. लोक जाताना म्हणायचे, साहेबांनी काय ऐकून घेतलं!

बुटका पलंग अजून त्या खोलीत आहे. शेवटचं पानही अजून तुझंच आहे. सतराला ये. मी स्टेशनवर येऊन उभा राहतो, कुठली गाडी ते कळव.

तुझा
वाल्मीकदादा

*

बऱ्हाणपूर
२१ जानेवारी २००४

ती. दादा,
सा. न.

सतराला मी आले होते. तुला मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर तू फलाटावर उभा राहिला असतास, आणि तिथे दुसरं कोणी उभं असलेलं मला बघवलं नसतं.

नाशिकरोडला गाडी थांबली तरी मी उतरले नाही. सगळ्या बायका उतरू दिल्या. डबा रिकामा झाल्यावर खाली पाय टाकला. खरंच सांगते, मी वर मान करून बघितलं. हमाल होता, एक चहावाला होता.

रिक्षा करून गंगापूर रोडला आले. हॉलवरून गेले तर बाहेर चपलांचा ढीग होता आणि आतून माइकवर कोणीतरी बोलत होतं, ‘‘साहेबांनी माजं समदं ऐकून घेतलं.’’ सहादूच असावा. मी रिक्षा थांबवली नाही.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस असं मला म्हणता येत नाही. तुझ्यावर रागही नाही. आत्याचं ऐकून खोटं लिहिलं असतंस तर मी रडून मोकळी झाले असते, थोड्या दिवसांनी सावरलेही असते. आता कशी सावरू? ज्याला ऐकू येत नव्हतं त्याने बरोबर ऐकलं. धडधाकट कानांची मी, आणि बापाने दोनदा ये म्हटलेलं मला समजलं नाही. त्या बूथपासून जळगावचं स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ होतं. हातातली भाजीची पिशवी टाकून मी तशीच निघाले असते तर ती पोर आज पाच वर्षांची असती, बुटक्या पलंगावर उड्या मारत असती आणि बाबांकडे तोंड करून बोलायला शिकली असती. हे मला रोज दिसतं. वर्गात शिकवताना दिसतं. उशिरा आलेल्या पोरी दारात उभ्या राहून विचारतात, ‘‘बाई, येऊ का?’’ आणि मी जाऊन त्यांना हाताला धरून आत आणते.

बाबांच्या घराला कुलूप होतं. तुम्ही सगळे हॉलवर, हे मला माहीत होतं, म्हणूनच त्या वेळेला आले. गेट उघडून पायऱ्यांपर्यंत गेले. मागच्या खोलीची खिडकी बाजूने दिसते. काचेला तोंड लावून बघितलं. पलंगावर कोरी चादर घातलेली होती. ती तू घातलीस, की तेव्हापासूनची तशीच आहे, ते मला सांगू नकोस.

पुढच्या दाराशी आले, चपला काढल्या आणि तोंडून आपोआप निघून गेलं, ‘‘बाबा, येऊ का?’’ मोठ्याने विचारलं. शेजारच्या बाई गच्चीतून बघायला लागल्या इतक्या मोठ्याने.

मग चपला घातल्या, गेटची कडी लावली आणि स्टेशनवर परत आले.

दीपा